आबांची डोंगरावरची सासुरवाडी

कळंब

पाण्याची टाकी आणि कारखान्याचं धुराडं सोडलं, तर मान वर करून बघावं असं आमच्या भागात काही नाही. जमीन इतकी सपाट, की पाटाला सोडलेलं पाणीसुद्धा कुठल्या बाजूला जावं याचा जरा विचार करतं. चढ म्हणजे कॅनॉलचा भराव आणि उतार म्हणजे त्याच भरावाची पलीकडची बाजू. अशा गावातली आम्ही पाच माणसं सहकुटुंब डोंगर चढायला गेलो. तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात असलं काही असेल तर आधी हे वाचा, आणि मग घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नीट विचारा.

ही कल्पना माझ्या मुलीची, सईची. ती बारामतीला कॉलेजात शिकते आणि यंदा तिला ट्रेकिंगचा नाद लागला आहे. दर रविवारी कुठल्या तरी गडावर जाऊन येते आणि सोमवारी ओट्यावरून खाली उतरताना "आई गं" करते. माघ संपत आला होता. ती म्हणाली, "ऊन वाढायच्या आत फॅमिली ट्रेक करू." माझ्या नवऱ्याचं, दत्ताचं, म्हणणं विचारायची गरज नसते. जेवण वेळेवर मिळणार असेल तर ते कुठंही येतात. मी घरी ब्लाउज शिवते, लग्नसराई अजून सुरू व्हायची होती, म्हणून मीही हो म्हटलं. राहिले सासू-सासरे, म्हणजे आत्या आणि आबा. सासूला आमच्याकडे आत्याच म्हणतात, आधीचं नातं असो किंवा नसो.

आत्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "डोंगरच चढायचा हाय, तर माझ्या माहेरचा चढा की."

आबांचा पानाला चुना लावणारा हात तिथंच थांबला.

आता आत्यांचं माहेर म्हणजे काय ते सांगायला हवं. भोरच्या मागं डोंगर, डोंगराच्या डोक्यावर पठार आणि त्या पठारावर उंबरवाडी नावाची पंधरा-वीस घरं. पायथ्यापर्यंत गाडी जाते, पुढं पायवाट, आणि शेवटी एक कडा. पूर्वी कड्यात नुसत्या खोबण्या होत्या, आता लोखंडी शिडी बसवली आहे. आबा या सासुरवाडीला लग्नानंतरच्या चाळीस वर्षांत एकदाही गेलेले नाहीत. आणि ही लपवायची गोष्ट नाही, ही तर त्यांची सगळ्यात गाजलेली गोष्ट आहे.

दूध डेअरीसमोर चार माणसं जमली की कुणीतरी आबांना छेडतं आणि आबा मिशीवरून हात फिरवून सुरू करतात. "आमचं वऱ्हाड पायथ्याला थांबलं. मी म्हणलं, नवरदेव चढणार न्हाय. पोरगी घिऊन खाली या. आन आले की समदे. भटजी उतरला, वाजंत्री उतरले, नवरी उतरली. मांडव तिथंच पायथ्याला घातला." ही गोष्ट दरवर्षी थोडी वाढते. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यात स्वयंपाकाची भांडी उतरत होती. हल्ली वाडीचा म्हसोबासुद्धा उतरतो. शेवट मात्र ठरलेला असतो: "जावयानं सासुरवाडीला उतरवायचं असतं, चढायचं नसतं." माणसं हसतात. पुढं आत्यांना माहेरून आणायला जातानाही आबा पायथ्याच्या हॉटेलात बसून राहायचे आणि वर निरोप धाडायचे.

ही गोष्ट घरी कुणी काढली की आत्या उठून आत जातात. त्यांचा धाकटा भाऊ, बबनमामा, दर सणाला विचारायचा, "आक्का, दाजी न्हाय का आले?" आत्या सांगायच्या, ऊसतोड चालू हाय. एकदा तो म्हणाला, "तुमच्याकडं नागपंचमीला बी ऊस तोडत्यात व्हय?" तेव्हापासून त्याने विचारणं सोडलं.

त्या दिवशी दुपारी आत्या माझ्या मशीनजवळ हुक लावायला बसल्या आणि आपणहून बोलल्या. "एकदा ह्यांनी बबनच्या दारात उभं राहावं, बास. मला दुसरं काय नगं. माझ्या माणसांस्नी हे हलकं समजत्यात, ह्ये चाळीस वर्सं मनातनं जात न्हाय बघ." एवढं बोलून त्यांनी एका ब्लाउजला सगळे हुक उलटे लावले. मी ते नंतर गुपचूप उसवले.

आबा तयार झाले ते सईमुळे. सईला नाही म्हणायचं नाही, हे आबांचं एकमेव पक्कं धोरण आहे. तरी त्यांनी "गुडघा", "कॅनॉलच्या पाण्याची पाळी" आणि "बघू" असे तीन प्रयत्न करून पाहिले.

इंदापूरचा बाजार

सई म्हणाली, चपला चालणार नाहीत, सगळ्यांना बूट पाहिजेत. म्हणून आम्ही इंदापूरच्या बाजारात गेलो. आबांनी आयुष्यभर कातडी वहाणा घातल्या आहेत. त्यांना पांढरे-भगवे बूट मिळाले. धोतर, टोपी आणि खाली ते बूट, अशा थाटात त्यांनी दुकानात दोन फेऱ्या मारल्या आणि आरशात फक्त वरचा अर्धा भाग पाहिला.

आत्यांचं पाऊल मुळात लहान. बायकांच्या बुटांत त्यांचा पाय आत गेल्यावर कुठं आहे ते सापडेना. शेवटी दुकानदाराने लाजत लाजत लहान मुलांचे बूट काढले. टाच टेकली की त्यात लाल दिवे लागायचे.

"आजी, तुमच्या मापात एवढंच हायत. पण ह्यात लाईट लागती."

आत्यांनी पाय आपटून पाहिला. पुन्हा आपटला. "बंद करायचं बटन कुठं हाय?"

"बटन नसतं आजी. चाललं की लागती, थांबलं की बंद."

"म्हंजी बसल्यावर जळत न्हाय नव्हं? मग द्या बांधून."

घरी येईपर्यंत त्यांनी जीपमध्ये बसल्या बसल्या एवढे पाय आपटले, की दत्ता म्हणाले, आपण पोहोचायच्या आत हिची बॅटरी संपणार.

निघायच्या दिवशी पहाटे आबा रानातून आले ते उसाची अख्खी मोळी घेऊन. चांगले पेरं भरलेले, पुरुषभर उंचीचे ऊस, शेंड्याच्या हिरव्या वाढ्यासकट. सईने कपाळाला हात लावला. ट्रेकला कमीत कमी वजन न्यायचं असतं, हे ती आठवडाभर सांगत होती. पाण्याच्या बाटल्या तिने मोजून घेतल्या होत्या, माझी पावडरची डबीसुद्धा काढून ठेवली होती.

"आजोबा, एवढं वजन कोण वाहणार?"

"वजन न्हाय त्ये, ऊस हाय," आबा म्हणाले. "सासुरवाडीच्या दारात पहिल्यांदा जायाचं, ते हात हलवत? बागाईतदार हाय मी."

यापुढे कुणाचं काही चालत नाही. आमच्याकडे पाहुण्याला उसाशिवाय परत पाठवत नाहीत आणि पाहुणे म्हणून उसाशिवाय जातही नाहीत. दत्तांनी तोड काढली: वाढे कापून प्रत्येकाने दोन-दोन ऊस काठ्या म्हणून घ्यायचे आणि उरलेले आबांनी खांद्यावर. सईच्या कॉलेजातली मुलं ट्रेकला घड्या पडणाऱ्या काठ्या नेतात म्हणे. आमच्या काठ्यांना घड्या पडत नव्हत्या, पण चोखता येत होत्या. दत्तांनी त्यांची पहिली काठी लोणंदच्या अलीकडेच संपवली.

पायथा

प्रवासाचं काही सांगत नाही. जीप होती, रस्ता होता, आणि दत्तांना दर तासाला भूक लागत होती. फक्त भोरजवळ धरणाचं पाणी दिसलं तेव्हा आत्यांनी जीप थांबवायला लावली. "बघून घ्या. हितनं सुटतं म्हणून तुमच्या उसाला मिळतं. सगळा इंदापूर तालुका माझ्या माहेरचं पाणी पितो." आबा म्हणाले, "पाणी कॅनॉलचं असतं." आत्या म्हणाल्या, "आन कॅनॉलात काय तुमचा आज्जा भरतो?" मला वाटलं, चला, माहेर जवळ आलं तसा आवाज वाढायला लागला.

पायथ्याला एक पत्र्याचं हॉटेल आहे. आत शिरताच गल्ल्यावरचा म्हातारा उठून उभा राहिला. "या दाजी, या. तुमचं बाकडं रिकामंच हाय." कोपऱ्यात खरंच एक बाकडं होतं आणि आबा जाऊन त्याच्यावर असे बसले जसे घरी ओट्यावर बसतात. त्या सगळ्या पट्ट्यात त्यांना दाजी म्हणूनच ओळखतात हे आम्हाला तिथं कळलं. चहावाल्याने वर निरोप द्यायला माणूससुद्धा शोधायला सुरुवात केली होती.

"निरोप नको," सई म्हणाली. "आजोबा आज वर चालले आहेत."

म्हाताऱ्याने हातातली किटली खाली ठेवली. "दाजी? वर?" मग त्याने आमच्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. ते का घेतले नाहीत, हे मला अजून कळलेलं नाही.

चढण सुरू झाली. डोंगर मी लांबून पाहिले होते, लग्नाच्या अल्बमात मागच्या पडद्यावरही पाहिले होते, पण जवळून तो उभाच असतो. उतरती बाजू दाखवतच नाही. पानं झडून गेलेली होती आणि त्या उघड्या रानात पळस असा फुलला होता, की मला सारखं त्या रंगाचं कापड कुठल्या दुकानात मिळेल तेच सुचत होतं. काटेसावरीच्या फुलांचा खाली सडा पडला होता. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरल्या होत्या. वास इतका गोड, की दोन मिनिटं मी दमले आहे हे विसरले. तिसऱ्या मिनिटाला आठवलं.

आत्यांचं मात्र काही वेगळंच झालं. घरी पायरी उतरताना माझा खांदा धरणारी ही बाई पुढं पुढं निघाली. नुसते लाल दिवे चमकताना दिसायचे आणि आवाज यायचा, "हितं मी शेरडं राखायची. हितं बबन पडला व्हता. ह्या दगडावर बसून मी त्याच्या डोळ्यातलं कुसळ काढलं." आम्ही तिथं पोहोचेपर्यंत दिवे वरच्या वळणावर गेलेले असायचे.

वाटेत डोक्यावर लाकडं घेऊन उतरणाऱ्या बायका भेटल्या. "किती राहिलं हो?" मी विचारलं. "ह्ये काय, आलंच," त्या म्हणाल्या. अर्ध्या तासाने एक गुराखी भेटला, तोही म्हणाला आलंच. आमच्याकडे अंतर विचारलं तर माणूस किलोमीटर सांगतो, वर कुणाच्या रानापासून डावीकडं वळायचं तेही सांगतो. इथं सगळं नुसतं आलेलंच असतं.

एका आंब्याखाली आम्ही भाकरी सोडली. मोहर अंगावर गळत होता. आबांनी मोळी खोडाला टेकवली, टॉवेलने घाम पुसला आणि तेवढ्यात माकडं आली. आमच्या उसात रानडुकरं शिरतात, पण ती बिचारी अंधारात, चोरून येतात. ही माकडं भर उन्हात, नजरेला नजर देत आली आणि गिऱ्हाईकाने कापड निवडावं तशी एकेक ऊस निवडून ओढू लागली. सई ओरडली, दत्तांनी भाकरीचा तुकडा फेकला. त्यांनी आधी तो खाल्ला आणि मग ऊस नेला. माझ्या हातातली काठी एका पोरसवदा माकडाने अशी सहज काढून घेतली, की मी जवळजवळ "घे" म्हणाले.

आबा हातात टोपी घेऊन मधे उभे. "आरं, त्यो पाव्हण्यांचा हाय," ते एका थोराड माकडाला समजावत होते. त्याने त्यांच्यासमोर बसून ऊस दाताने सोलला आणि चावायला लागला. आबा बघत राहिले. चेहरा पडलेला, पण शेवटी त्यांना राहवलं नाही.

"गोड लागतोय बघ त्याला," ते दत्तांना म्हणाले. "शेणखताचा हाय नव्हं."

एकही ऊस उरला नाही.

शिडी

मग कडा समोर आला. काळा, उघडा खडक आणि त्याला टेकवलेली गंजलेली लोखंडी शिडी. दोन बाजूंना धरायला नळ्या होत्या. फार उंच नाही, आमच्या गावच्या टाकीच्या निम्मी असेल. पण टाकीवर आम्हाला कुणी चढायला सांगत नाही. सई भराभर चढून गेली आणि वरून हात हलवू लागली. दत्ता "हळू, हळू" असं स्वतःलाच सांगत वर गेले.

आबा एका दगडावर बसले होते. ते आधी म्हणाले, शिडी कुणी तपासली हाय का. मग म्हणाले, गुडघा धरलाय. मग म्हणाले, ऊस गेला, आता रिकाम्या हातानं जावयानं दारात जायाचं म्हंजी शोभा, आपण पुन्हा कधीतरी येऊ.

आत्यांनी ऐकून घेतलं. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण त्या भांडल्या नाहीत. "ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाल्या. "बसा हितं. मी सांगते बबनला, ऊसतोड चालू हाय म्हणून." आणि शिडीला लागल्या. प्रत्येक पायरीवर दिवा लागत होता आणि मला त्या दिव्यांचा फार राग आला. खरं तर आबांचा आला होता.

आता यांना चांगलं सुनवायचं असं ठरवून मी वळले आणि माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. मी रोज माणसांची मापं घेते. ऐटीत ताठ झालेलं अंग आणि भीतीने आखडलेलं अंग यांतला फरक टेप लावला की कळतो. आबांनी दोन्ही हातांनी दगड धरला होता आणि धोतराचा सोगा वारा नसताना हलत होता.

"आबा, काय होतंय?"

त्यांनी खडकाकडे बघतच हळू आवाजात सांगितलं. "उंचावर गेलो की पायाचं पाणी हुतंय, सूनबाई."

"कधीपासून?"

"जन्मापास्नं."

मला एकेक आठवायला लागलं. आबा कधी गच्चीवर येत नाहीत. आंबे उतरवताना कायम खाली उभं राहून हुकूम सोडतात. भिगवणच्या पुलावरून जाताना जीपमध्ये डोळे मिटून घेतात आणि विचारलं की डुलकी लागली म्हणतात.

"आत्यांना माहीत नाही?"

"येड लागलंय का. तवा मांडवात काय सांगणार व्हतो, नवरदेव भितोय म्हणून? मग मानाचं नाव केलं. एकदा केलं की त्येच चालवावं लागतं." मग म्हणाले, "तू आता कुणाला..."

सांगू नकोस, असं ते म्हणणार होते. पण गोष्ट पोटात ठेवणं मला जन्मात जमलेलं नाही. ते वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी वर तोंड करून ओरडले होते, "आत्या, खाली या. आबांना उंचीचं भ्या वाटतंय."

शिडीवरचे दिवे विझले. आत्या मधेच थांबल्या होत्या. मग त्या एकेक पायरी खाली आल्या आणि आबांच्या समोर येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता चाळीस वर्षांचा हिशेब इथंच होतो.

"एवढंच व्हय?" आत्या म्हणाल्या.

आबांनी मान हलवली.

"माझ्या माणसांचं काय न्हवतं?"

"तुझ्या माणसांस्नी मी कुठं बगितलंय नीट. ती कायम वरच असत्यात."

आत्यांनी त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, झटकला आणि त्यांच्या डोळ्यांवर घट्ट बांधला. गुऱ्हाळाच्या चरकाला जुंपलेल्या बैलाला बांधतात तसा, मागं गाठ मारून. त्यांचे हात नळीवर ठेवले आणि आपण मागून चढू लागल्या, त्यांचं एकेक पाऊल उचलून पायरीवर ठेवत. "हां, ह्यो डावा. आता उजवा. च्यक् च्यक्. थांबू नगा." आबा प्रत्येक पायरीला एकेका देवाचं नाव घेत होते. सगळे देव संपले तेव्हा कारखान्याच्या माजी संचालकांची नावं सुरू झाली. वरून दत्ता आणि सईने हात दिले. मी सगळ्यांत शेवटी चढले आणि माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, हे इथं नमूद करते.

टॉवेल सोडला तर समोर सपाट. अगदी कळंबसारखं सपाट. गव्हाचं रान पिवळं झालेलं, बांधावर हरभरा. आबांनी खाली बसून जमिनीवर हात ठेवला, मग मूठभर माती उचलून चुरडून पाहिली आणि त्यांचा आवाज परत आला. "चांगली हाय की. पाण्याची सोय काय हाय हितं?"

आत्या आम्हा तिघांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "वाडीत ह्यातलं एक अक्षर काढायचं न्हाय." माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाल्या.

उंबरवाडी

दाजी आले ही बातमी आमच्या आधी पोहोचली होती. बबनमामाचं घर शोधावं लागलं नाही, सगळी वाडी त्याच घरासमोर उभी होती. मामींनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. आबा आत पाऊल टाकणार, तेवढ्यात चार-पाच म्हाताऱ्या दार अडवून उभ्या राहिल्या. नव्या जावयाला नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि आबा त्यांच्या हिशेबाने नवेच होते. आत्या पदराआड तोंड लपवून उभ्या. खाली बुटांचे दिवे लुकलुकत होते, म्हणजे त्या टाचा उचलून उचलून बघत होत्या.

आबांनी आत्यांचं नाव कधी घेतलेलं मी ऐकलेलं नाही. घरात त्या "ऐकलं का" आहेत. आबा म्हणाले, "आता ह्या वयात नाव कसलं घ्यायचं."

म्हाताऱ्या हटेनात. हसणं चालू होतं. तेव्हा बबनमामा पुढं आला. बारीक, काळा माणूस, धुतलेला सदरा घातलेला, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्याने म्हाताऱ्यांना हाताने बाजूला केलं. "सोडा त्यास्नी. दाजी आले ह्येच लई झालं. बागाईतदार मानूस, आमच्या दारात नाव घ्यायला त्यास्नी कमीपणा वाटल." रागाने नाही, अगदी सरळ म्हणाला. एवढी वर्षं त्याने हेच धरून ठेवलं होतं. आत्यांनी मान खाली घातली.

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. उंबऱ्याच्या बाहेरच थांबले आणि पाठ केलेलं काही म्हणावं तसं, एका दमात म्हणाले,

"चाळीस वर्सं पायथ्याला बसून दावला थाट,
शालनचं नाव घेतो, भ्यालो व्हतो म्हणून चढलो न्हाय ही वाट."

कुणी हसलं नाही. बबनमामाला कळायला वेळ लागला. "म्हंजी? मानाचं काय न्हवतं?"

"कसला मान, बबनराव. पाय लटपटत्यात माझं. आत्ता बी डोळं बांधून आणलाय तुझ्या भनीनं."

बबनमामा उंबऱ्यावर खाली बसला. आधी मला वाटलं रडतोय, मग कळलं हसतोय, मग दोन्ही चाललं होतं. मामी म्हणाल्या, "आन मी दर दिवाळीला पुरण घालून वाट बघायची." म्हाताऱ्या एकमेकींच्या पाठीवर थापा मारून हसायला लागल्या. आबाही हसले. आपली सगळ्यात गाजलेली गोष्ट या माणसाने अख्ख्या वाडीसमोर आपल्या हाताने मोडून टाकली होती. डेअरीसमोर आता ते काय सांगणार, हे मलाही कळत नव्हतं. मला भरून आलं. सासरे झाले म्हणून कधी एवढं प्रेम वाटलं नव्हतं त्यांच्याबद्दल.

आत्यांनी पदर खोचला. "दार सोडा आता. ह्यांस्नी भूक लागली की हात कापत्यात." त्यांच्या कापणाऱ्या हातांचं कारण सगळ्यांना माहीत झालं होतं, तरी त्या आपल्या सांगतच होत्या.

जेवणाचं सांगायलाच हवं. नाचणीची भाकरी आमच्याकडे औषध म्हणून खातात. इथं चुलीवरची, गरम, वर लोण्याचा गोळा. कुळथाचं पिठलं, हिरवा हरभरा भाजून, आणि मागाहून मामींनी घाईघाईने केलेल्या पुरणपोळ्या. दत्तांनी किती खाल्ल्या ते मोजणं मामींनी सोडलं. आबांना नवीन टोपी, उपरणं आणि नारळ मिळाला. संध्याकाळी ते दोघं मेव्हणे बांधावर उभे होते आणि आबा हात फिरवून सांगत होते, हितं समदा ऊस लावता येईल.

"आन खाली कसा नेनार दाजी?" बबनमामाने विचारलं.

"माकडं हायत की," आबा म्हणाले.

परत कळंब

दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. आबा नवीन उपरणं घालून शिडीच्या टोकापर्यंत आले, एकदा खाली पाहिलं आणि होते तिथंच बसले. आम्ही टॉवेल काढला. ते म्हणाले, डोळं बांधून बैल गोल फिरतो, कड्यावरनं मागं मागं उतरत न्हाय. समजावलं, सईने रुसून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. घरी कॅनॉलची पाळी आली होती आणि माझ्याकडे दोन लग्नांचे ब्लाउज पडले होते. शेवटी आम्ही तिघं उतरलो. आत्या त्यांच्यापाशी राहिल्या.

डेअरीसमोर रोज मला विचारतात, "आबा कुठं हायत?" मी सांगते, सासुरवाडीला. माणसं माझ्याकडे असं बघतात, जसं मी काहीतरी वावगं बोलले.

चार दिवसांनी आत्यांचा फोन आला. वाडीत एकाच खडकावर रेंज येते, तिथं उभं राहून त्या बोलत होत्या. आबा मजेत होते, पोरांना बांध कसा घालायचा ते शिकवत होते. मला काळजी होती ती एकच. म्हटलं, "आत्या, आबांना खाली कसं आणायचं? दत्ता म्हणतात, माणसं बघून डोली करू का?"

"डोली कशाला," आत्या म्हणाल्या. "दिवाळीनंतर मागच्या अंगानं गुरांसाठी नवी वाट काढलीया ह्या लोकांनी. लांब पडती, पण सोपी हाय. गाभण म्हस बी आरामात उतरती. बबननं मला पहिल्या दिशीच सांगितलं."

"मग आबांना नाही सांगितलं?"

पलीकडे वारा वाहत होता.

"सांगीन की. त्यांनी मला चाळीस वर्सं सांगितलं न्हाय. मी चार दिस न्हाय सांगितलं, तर काय बिघडलं?"